पेणचं पॅरिस

पेणला पॅरिस गोणीतून येतं. गोणी टेम्पोतून उतरवायची, खांद्यावर टाकायची, कारखान्यात नेऊन ओतायची. पाण्यात कालवलं की गरम होतं, साच्यात घातलं की देव होतो. पेण शहरात बघा, नाहीतर हमरापूर, जोहे, कळवे, कुठंही जा, घराघरात हेच. मुंबई-पुण्याच्या दोस्तांनो, तुमच्या गल्लीत जो दहा दिवस बसतो तो आमच्याकडून जातो. त्याच्या डोळ्यांची आखणी कुणी केली, सोंड कुणी घडवली, याचं कौतुक पेपरात दरसाल छापून येतं. त्याला उचलून गाडीत कोण ठेवतं हे छापून येत नाही. माझी चुलतबहीण ठेवते. मी तिला ताई म्हणतो.

२८ ऑगस्ट २०२४ ला त्या दुसऱ्या, खऱ्या पॅरिसमध्ये पॅरालिम्पिकचं उद्घाटन झालं. भारताचे ८४ खेळाडू गेले होते. झेंडा दोघांच्या हातात होता. एक सुमित अंतिल, भालाफेकवाला. दुसरी भाग्यश्री माधवराव जाधव, गोळाफेकवाली, आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्याची. चाकाच्या खुर्चीत बसलेली बाई आणि तिच्या हातात देशाचा झेंडा. गणपती त्या वर्षी ७ सप्टेंबरला होते. म्हणजे पेणमध्ये त्या रात्री गाड्या भरायची धांदल, बाया-बाप्ये रात्रभर जागे. आपल्याकडं साडेअकराला तो सोहळा सुरू झाला तेव्हा ताई बहुतेक गवत आणि गोणपाट कोंबत असणार, मूर्तीला धक्का लागू नये म्हणून.

मी हे का सांगतोय? कारण ताईसुद्धा गोळाच फेकायची.

पण आधी भाग्यश्रीबद्दल. पेपरांनी तिचं जे केलंय ते मला बघवत नाही. 'नियतीवर मात', 'जिद्दीची कहाणी' असल्या मथळ्यांखाली तिला कोंबलं की मोकळे. नियती कसली? २००६ साली तिच्यावर विषाचा प्रसंग आला. तीन आठवडे ती शुद्धीत नव्हती. उठली तेव्हा कमरेखालचं अंग तिचं ऐकत नव्हतं. वय एकवीस. विष आभाळातून पडत नाही, माणसांच्या घरात सापडतं. त्यानंतरची दहा वर्षं कुठल्याच बातमीत नाहीत. दहा वर्षं! खेळाडूचं सगळं आयुष्यच तेवढं असतं. आणि ही बाई त्यानंतर, तिशी उलटल्यावर, २०१७ च्या सुमाराला मैदानावर आली. ज्या वयात आपल्याकडं बाईला 'आता काय राहिलंय' म्हणतात त्या वयात तिनं सुरुवात केली.

मग आकडे बघा. टोकियोचं पॅरालिम्पिक कोरोनामुळं २०२१ मध्ये झालं, तिथं ७.०० मीटर, सातवी. ऑक्टोबर २०२३, चीनमधलं हांगझोऊ, आशियाई पॅरा स्पर्धा, ७.५४ मीटर, रौप्य. मे २०२४, जपानमधलं कोबे, जागतिक स्पर्धा, ७.५६ मीटर, पुन्हा रौप्य. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅरिसला ७.२८, पाचवी. तिथं चीनची झोउ लिजुआन नऊ मीटरच्या पुढं टाकून पहिली आली. वाचून तुम्ही म्हणाल, सात मीटर म्हणजे काय, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. म्हणाल, कारण कसं फेकतात ते तुम्हाला ठाऊक नाही.

तिचा गट एफ-३४. ज्यांचे स्नायू ऐंठतात किंवा ताल सोडतात, पाय जास्त गेलेले, हात त्या मानानं धड, अशांचा बसून फेकायचा गट. गोळा तीन किलोचा. उभं राहून फेकणाऱ्या बाईचा चार किलोचा असतो, पण तिला वर्तुळात मागून सरकत यायला किंवा गरकन फिरायला मिळतं. गोळ्याचा अर्धा जोर पायातून आणि कमरेतून येतो. इथं ते काहीच नाही. लोखंडी बैठक असते, गादीसकट पंचाहत्तर सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही. ती जमिनीला पट्ट्यांनी आवळून बांधतात आणि बाईला बैठकीशी. एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्या हातानं गोळा मानेशी. बूड उचललं की फाउल. पाळी आली की सगळ्या फेका एकामागून एक, मध्ये दम खायला सवड नाही. म्हणजे जे काय आणायचं ते पोटातून, पाठीतून, खांद्यातून आणि शेवटी मनगटातून. बांधलेल्या अंगानं सात मीटर. बसा खुर्चीत, आवळून घ्या कुणाकडून तरी, आणि टाकून बघा तीन किलो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. ताईनं दाखवलं. गणपती गेल्यावर एका रविवारी मी फोनवर भाग्यश्रीची फेक लावून तिच्यापुढं धरली. मला वाटलं होतं, बाई रडेल किंवा 'बिचारी' म्हणेल. ताईनं फोन हातात घेतला, मागं नेलं, पुन्हा लावलं. म्हणाली, "कोपर बघ. कोपर पडू देत नाय ती. बांधून ठेवलंय तरी पडू देत नाय. मला सर त्याच्यावरच ओरडायचे." पुन्हा लावलं. मग म्हणाली, "मनगटानं काढला शेवटाला. भारी." बस. एका खेळाडूनं दुसऱ्या खेळाडूकडं बघावं तसं ती बघत होती. सगळ्या पेपरांत मिळून एवढं बोलणं मला सापडलं नव्हतं.

आम्ही दोघं रोहा तालुक्यातल्या एका शाळेत होतो. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून काही फरकही पडत नाही, अशा शाळा पैशाला पासरी. शाळेत गोळा एकच, मुलांसाठी आणलेला, गंजलेला, हाताला लाल रंग लागायचा. ताईनं तो नववीत पहिल्यांदा उचलला. पी.टी.च्या सरांनी बघितलं आणि तिला घंटा झाल्यावर थांबवायला लागले. चांगला माणूस. त्यांनी चुन्यानं वर्तुळ आखलं, सात फुटांचं. खरं माप दोन मीटर साडेतेरा सेंटिमीटर असतं, पण सात फूट म्हटलं की सुताराला कळतं, गवंड्यालाही कळतं. तालुक्याला ती पहिली आली. पुढं जिल्ह्याला जायचं होतं, अलिबागला.

गेली नाही. कारणं तीन सांगितली गेली. एक, सोबत बाई शिक्षिका जायला तयार नाहीत. दोन, जायचा खर्च. तिसरं कारण बोलून दाखवलं नाही, ते वस्तीचं होतं. पण चौथं कारणही आहे आणि ते मी आहे. मी आणि माझ्यासारखी पोरं. सर तिला थांबवायचे तेव्हा आम्ही कंपाउंडच्या भिंतीवर बसायचो. गोळा फेकताना तिच्या तोंडून जो आवाज निघायचा त्याची नक्कल करायचो. 'पैलवानीण' म्हणायचो. दुसरंही म्हणायचो, ते छापत नाही. एक दिवस काकांनी वाटेवर ते ऐकलं आणि घरी जाऊन सांगितलं, उद्यापासून शाळा सुटली की सरळ घरी. आमचे काका काही सनातनी नव्हते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढं असायचे. पोरीला 'पैलवानीण' म्हटलेलं मात्र त्यांना सोसलं नाही. आणि म्हणणारी पोरं सवर्णांची नव्हती, आमच्याच वस्तीतली होती. हा हिशेब मी कुणाच्या नावावर मांडू?

लग्न झालं, पेणला गेली. आता ती जे उचलते त्याचा रोज मिळतो.

ताकद कमी होती म्हणून आपल्या बाया मैदानावर आल्या नाहीत असं कुणी म्हणत असेल तर त्याला दिवाळीनंतर पेण तालुक्यात आणा. वीटभट्ट्या बघू दे. कातकऱ्यांची कुटुंबच्या कुटुंबं पावसाळ्याआधी उचल घेऊन बसलेली असतात, ती फेडायला भट्टीवर येऊन पाल ठोकतात आणि मिरग जवळ येईपर्यंत तिथंच. गाडी भरताना विटा हातोहात फेकतात. खालून वर, झेलली की पुढं. एक वीट अडीच-तीन किलोची. भाग्यश्रीचा गोळा तीन किलोचा. पंधरा वर्षांची पोर दिवसातून किती वेळा तो गोळा फेकते हे मोजायला पंच नसतो, मुकादम असतो. तोही वीट मोजतो, फेक मोजत नाही. सगळं बळ असं भाड्यानं जातं. आणि तालुक्याच्या क्रीडा स्पर्धेत भाषण होतं, ग्रामीण भागात गुणवत्ता दडलेली आहे, तिला शोधून काढलं पाहिजे. दडलेली कुठं? उन्हात उभी आहे, साहेब. उचल घेऊन उभी आहे.

आता पैशाचं. पॅरिसहून भारताचं पथक २९ पदकं घेऊन आलं. केंद्र सरकारनं जाहीर केलं, सोन्याला ७५ लाख, चांदीला ५० लाख, कांस्याला ३० लाख. चांगलं झालं. सांगलीच्या आटपाडीकडचा सचिन खिलारी पुरुषांच्या गोळाफेकीत १६.३२ मीटर टाकून रौप्य घेऊन आला, त्याला मिळालंच पाहिजे. पण त्या यादीत पाचव्या नंबरला रकाना नाही. झेंडा मिळाला तिला, रकाना मिळाला नाही. माझं म्हणणं पाचवीलाही ५० लाख द्या असं नाही. शेवटाला बक्षीस द्यायला सरकार पुढं असतं. सुरुवातीला, जेव्हा बैठक, पट्टा, गोळा आणि रिक्षाचं भाडं लागतं, तेव्हा ते कुठं असतं, एवढंच विचारतो. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी पुण्याला बालेवाडी उभी राहिली. तीस वर्षं होऊन गेली. नांदेडहून बालेवाडी साडेचारशे किलोमीटर. चाकाच्या खुर्चीतून साडेचारशे किलोमीटर मोजून बघा, मग गुणवत्तेवर बोलू.

त्याच पॅरिसची आणखी एक गोष्ट लोक विसरले. त्याच उन्हाळ्यात, पॅरालिम्पिकच्या आधी, ऑलिम्पिक होतं. आभा खटुआ ही उभ्यानं गोळा फेकणारी, मूळची बंगालच्या मेदिनीपूरकडची, आईबाप शेतात राबणारे, ती स्पर्धेत महाराष्ट्राकडून उतरते. जुलै २०२३ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत १८.०६ मीटर, रौप्य, आणि मनप्रीत कौरच्या राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी. मे २०२४ ला भुवनेश्वरला १८.४१, नवा राष्ट्रीय विक्रम. ऑलिम्पिकच्या यादीत तिचं नाव आलं. आणि जायच्या तोंडावर जागतिक संघटनेच्या यादीतून तिचं नाव गायब झालं. कारण? तेव्हा कुणी जाहीर सांगितलं नाही. ना तिकडच्यांनी, ना इकडच्यांनी. बाईनं चार किलोचा गोळा देशात कुणीही टाकला नव्हता इतका लांब टाकला आणि तिचं नाव पाटीवरच्या खडूसारखं पुसलं गेलं. एकाही चौकात पुतळा जळाला नाही. क्रिकेटच्या संघातून एक पोरगा वगळला की इथं टीव्हीवर रात्रभर सुतक असतं.

आणि हा 'दिव्यांग' शब्द. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरच्या भाषणात सुचवला आणि बघता बघता सरकारी पाट्यांवर चढला. अपंगांच्या चळवळीतल्या कित्येकांनी तेव्हाच विरोध केला होता. आपल्याला हा विरोध कळायला वेळ लागू नये. आपल्याला एकदा 'हरिजन' म्हणून झालं आहे. विहीर द्यायची नाही, देवाचं नाव द्यायचं. माणूस म्हणून जे देणं लागतं ते टाळायचं असलं की हे लोक देवाला मध्ये घालतात. भाग्यश्रीच्या अंगात दिव्य काही नाही. पाय चालत नाहीत, हात चालतात, आणि त्या हातांवर तिनं वर्षानुवर्षं मेहनत घेतली आहे. तिला उतरंड हवी, दार रुंद हवं, सरावाला जागा हवी. दिव्यत्व तुमच्याकडंच ठेवा, आमच्याकडं पेणला त्याचे साचे आहेत.

मी हे सगळं आमच्या पोरांना सांगत होतो. स्टेशनजवळ चहा चालला होता. एकजण मध्येच म्हणाला, "ते सगळं ठीक, पण ती आपल्यातली आहे का?"

दोस्तहो, हा प्रश्न मी पण विचारत आलोय. पेपरात नाव वाचलं की आधी आडनाव बघायचं. बाळू पालवणकरांचं नाव आपण छातीवर मिरवतो. मिरवलंच पाहिजे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, आणि इकडं त्यांचा चेंडू चालायचा, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात. पण त्यांना ज्यांनी बाहेर बसवलं तेही हाच प्रश्न विचारत होते ना, आपल्यातला आहे का? भाग्यश्रीला मी तो प्रश्न विचारणार नाही. ती बाई आहे, खेड्यातली आहे, अंगानं मोडली गेली आणि पुन्हा बांधून बसली. एवढ्यावर ती माझी होते. आणि खरं विचारायचं तर उलटं विचारा. ताई तर 'आपल्यातली' होती. रक्ताची होती. तिचं आपण काय केलं?

पोरगा गप्प बसला. चहाचे पैसे त्यानं दिले.

बाईच्या अंगातल्या ताकदीची आपल्याला लाज का वाटते, ते मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. गोणी उचलताना वाटत नाही. वीट झेलताना वाटत नाही. ती ताकद तिनं स्वतःसाठी, नुसती किती लांब जाते ते बघायला वापरली की वाटते. ऑलिम्पिकमध्ये बायकांची गोळाफेक १९४८ ला पहिल्यांदा आली, आणि पहिली जिंकणारी फ्रान्सची मिशलिन ऑस्टरमायर मैफलीत पियानो वाजवणारी होती. ज्या बोटांनी पियानो, त्याच बोटांनी गोळा, १३.७५ मीटर. आपल्याकडं दीपा मलिकनं २०१६ ला रिओमध्ये बसून ४.६१ मीटर टाकला आणि पॅरालिम्पिकमधलं भारतीय बाईचं पहिलं पदक आलं. तेही गोळ्यातच. म्हणजे या खेळात बायकांनी कमी केलेलं नाही. भिंतीवर बसून नक्कल करणाऱ्यांनी जास्त केलंय.

आमच्या जिल्ह्यात महाड आहे. १९२३ ला बोले ठराव झाला, १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं केलं, कागदावर. ओंजळ पाण्यात जायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. मैदानाचंही तसंच आहे. तालुक्याचं मैदान सार्वजनिक आहे असं कागद म्हणतो. संध्याकाळी जाऊन बघा. अर्ध्यात क्रिकेट, अर्ध्यात लग्नाचा मांडव, उरलेल्यात गाड्या. बाई नाही. चाकाची खुर्ची तर फाटकातूनच आत जात नाही.

तेव्हा आम्ही एवढं ठरवलंय. सात फुटांचं वर्तुळ, सिमेंटचं. शेजारी चार लोखंडी कड्या जमिनीत गाडून ठेवायच्या, बैठक बांधायला. पुढं पंधरा-वीस मीटर मोकळं. गवंडी वस्तीतलाच आहे, मजुरी घेणार नाही म्हणतो. सिमेंटच्या दोन गोण्या आणि खडी वर्गणीतून. जागेसाठी अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. उत्तर आलं नाही तरी कुठं आखायचं ते बघून ठेवलंय. बैठक वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ, माप पंचाहत्तर सेंटिमीटर, जास्त नाही. वस्तीत दोन पोरी आहेत पायानं अधू, एक सातवीत, एक शाळा सोडलेली. त्यांच्या आयांशी बोलायला मी गेलो तर 'तू कोण' म्हणाल्या. बरोबरच आहे. ताईला घेऊन जावं लागेल.

ताईला विचारलं. आधी हसली. मग म्हणाली, "गोळा कुठाय?" म्हटलं, आणू, अलिबागला मिळतो. म्हणाली, "तीनचा आण आणि चारचा पण आण." चारचा कुणासाठी ते मी विचारलं नाही. रविवारी पेणहून रोह्याला येणारी सकाळची गाडी धरीन म्हणाली, पण गणपतीच्या गाड्या भरून झाल्यावर. तोवर जमणार नाही.